नाळेतलं रक्त साठवायचं का? सही करायच्या आधी आणि नंतर काय काय बघायचं

सातवा महिना लागला की दोन फोन हमखास येतात, एक डोहाळजेवणाच्या हॉलवाल्याचा आणि दुसरा कॉर्ड ब्लड बँकेचा, म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या कंपनीचा. दुसऱ्याकडे नंबर कसा गेला याचा शोध लावत बसू नका, गर्भसंस्काराच्या फ्री वेबिनारचा फॉर्म भरलात ना, तिथूनच गेला असेल. मग सुरू, मॅडम आयुष्यात एकदाच मिळणारी संधी आहे, ८० आजारांवर उपयोग, बाळाचा बायॉलॉजिकल इन्शुरन्सच समजा, आणि या महिन्यात बुक केलं तर इतके इतके हजार कमी. मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, त्यामुळे नात्यातल्या, सोसायटीतल्या, नणंदेच्या ऑफिसातल्या गरोदर बायकांचे हे मेसेज फिरून फिरून माझ्याकडेच येतात, आणि प्रत्येकीला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. नवऱ्यालाही वाचायला द्या, ईएमआयच्या फॉर्मवर सही बहुतेक त्याचीच असते.

आधी हे रक्त नक्की करतं काय

बाळ बाहेर आलं, नाळ बांधून कापली, की नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. पिशवीत गोळा केलं तर साधारण ६० ते १०० मिली, कधी त्याहूनही कमी. एरवी ते वारेबरोबर हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं. या रक्तात ज्या स्टेम सेल असतात त्या मुख्यतः रक्त बनवणाऱ्या, म्हणजे लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं ज्यांच्यापासून तयार होतं त्या. बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, असतात त्याच जातीच्या. म्हणून जिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतो तिथे हे रक्त चालू शकतं, आणि एक मोठा फायदा असा की या पेशी कोवळ्या असल्यामुळे एचएलए मॅचिंग, म्हणजे पेशंटच्या आणि डोनरच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, थोडं कमी जुळलं तरी निभावतं. तोटा पण आहे, पेशी संख्येने कमी असल्यामुळे नवीन रक्त तयार व्हायला मॅरोपेक्षा जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस पेशंटला इन्फेक्शनचा धोका.

पहिला ट्रान्सप्लांट झाला ऑक्टोबर १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात. पेशंट होता मॅथ्यू फॅरो नावाचा अमेरिकेतला ५ वर्षांचा मुलगा, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेला, म्हणजे मॅरोच निकामी होत चाललेली. त्याला नुकतीच बहीण झाली होती, तिच्या नाळेतलं रक्त हॅल ब्रॉक्समायर यांच्या लॅबमध्ये गोठवलं, गोठलेल्या अवस्थेतच पॅरिसला नेलं आणि तिथे डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी ते त्याला दिलं. मुलगा जगला, मोठा झाला. हा किस्सा ब्रोशरमध्ये पण असतो, फक्त त्यातली मुख्य गोष्ट हळूच बाजूला ठेवलेली असते. ते रक्त बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं.

आणि सगळा घोळ इथेच आहे. तुमच्या बाळाचं रक्त तुमच्याच बाळाला कामी येईल असं सांगून विकलं जातं, पण ज्या ८० आजारांची यादी दाखवतात त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्याच्या निरोगी पेशी लागतात. थॅलेसेमिया, सिकल सेल (दोन्ही लाल पेशींचे आनुवंशिक आजार), जन्मजात इम्युनिटीचे आजार हे जीनमधले दोष, तो दोष नाळेतल्या रक्तात पण असतोच ना, ज्या बियाण्याला कीड तेच परत पेरून काय उगवणार. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्येही, पुढे कॅन्सर झालेल्या मुलांच्या जन्मावेळच्या रक्तात त्याची सुरुवात आधीच झालेली सापडलेली आहे, त्यामुळे तिथेही डॉक्टर स्वतःचं रक्त वापरायला तयार नसतात. पहिल्या २० वर्षांत स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःला वापरावं लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के धरतात. म्हणजे अगदी जास्तीत जास्त धरलं तरी अडीच हजारात एक, आणि कमी धरलं तर दोन लाखांत एक.

मग साठवायचं कुणी

आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणणं सरळ आहे, घरात आधीचं मूल अशा आजाराने आजारी असेल की ज्याला ट्रान्सप्लांटचा उपयोग आहे, आणि आई परत गरोदर असेल, तर खाजगी साठवण, म्हणजे पैसे भरून फक्त आपल्या घरासाठी ठेवणं, करावी. बाकीच्यांनी नुसतं पुढे कधी स्वतःला लागेल म्हणून साठवायला शास्त्रीय आधार नाही. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सनेही २०१८ मध्ये जवळपास हेच सांगितलंय. सेल्सवाला हे सांगणार नाही, आणि गायनॅक मॅडमपण कधी कधी गप्प बसतात कारण रक्त गोळा करायचे त्यांना वेगळे चार्जेस मिळतात. विचारायला लाजू नका, मॅडम यात तुम्हाला काही मिळतं का, एवढंच. चांगली डॉक्टर सरळ उत्तर देते.

आता ज्यांच्या घरात खरंच आजारी मूल आहे त्यांच्यासाठी थोडं थांबून लिहिते, कारण त्यांना हे सगळ्यात जास्त लागू आहे आणि त्यांनाच सगळ्यात कमी माहिती मिळते. आपल्याकडे थॅलेसेमिया उल्हासनगर, पिंपरी वगैरे भागातल्या सिंधी घरांत, कच्छी लोहाणा घरांत जास्त दिसतो, सिकल सेल विदर्भात, गडचिरोलीकडे, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात. समजा पहिलं मूल थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आलेला आणि आजार झालेला, आणि दुसरं पोटात आहे. दुसऱ्याचं एचएलए पहिल्याशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. जुळणारं पण पाहिजे आणि स्वतः मेजर नको, असं दोन्ही धरलं तर १६ मध्ये ३. बाळ मायनर, म्हणजे एकाकडूनच दोष आलेलं पण आजारी नसलेलं, निघालं तरी हरकत नाही, मायनर डोनर चालतो. बाळाचं एचएलए आणि थॅलेसेमिया बघायची टेस्ट पोटात असतानाच होते, १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा छोटा तुकडा घेऊन, त्यामुळे सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका, प्रेग्नन्सी कळली की लगेच मुलाच्या हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला, फोन करा, गायनॅकला नंतर कळवलं तरी चालेल. मोठ्या मुलाच्या एचएलए टायपिंगचा रिपोर्ट फाइलमध्ये वर काढून ठेवा.

अशा भावंडासाठी साठवलेल्या रक्ताचे रिझल्ट थॅलेसेमियात चांगले आहेत, मॅरोच्या तोडीचे, आणि नंतर डोनरच्या पेशी पेशंटच्या अंगावर उलटतात तो त्रास कमी. रक्त कमी पडलं तर बाळ थोडं मोठं झाल्यावर त्याच्याकडून थोडी मॅरो काढून दोन्ही एकत्र देतात. म्हणून पिशवी लहान भरली तरी फेकून देऊ नका म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. पैशाचं म्हणाल तर कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ट्रान्सप्लांटला १० लाखांपर्यंत मदत मिळते, वयाच्या, उत्पन्नाच्या अटी आहेत त्या हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून समजून घ्या. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि लहान मुलांच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं सेंटर आहे, खाजगीत जायच्या आधी तिथे एकदा जाऊन या.

आणि अजून एक, पहिलंच बाळ असेल तर ६० हजारांच्या पिशवीच्या आधी काही शे रुपयांची एचबीए२ टेस्ट, थॅलेसेमिया मायनर आहे का ते दाखवणारी, दोघांनी करा, पहिल्या तीन महिन्यांतच. दोघं मायनर निघालात तर पुढचं सगळं बदलतं. लोक पॅकेज घेतात आणि ही टेस्ट राहून जाते, हे मी इतक्यांदा बघते की डोकं फिरतं.

बाकी कुणालाच आजार नाही, घरात असा इतिहास नाही, तर माझं प्रामाणिक मत नका साठवू. पैसे जास्तीचे असतील आणि मनाची शांती हवी असेल तर तुमची मर्जी, पण ईएमआय काढून तर मुळीच नको. त्याच पैशात फॅमिलीचा मेडिक्लेम वाढवा.

दान करायचं असेल तर? कल्पना उत्तम आहे, आणि खरं तर या रक्ताचा उपयोग होतो तो पब्लिक बँकेतूनच, म्हणजे दान आलेलं रक्त ज्याला जुळेल त्या कुणालाही देणाऱ्या बँकेतून, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलंय की पब्लिक बँकेतली युनिट खाजगीपेक्षा साधारण ३० पट जास्त वापरली जातात. पण आपल्याकडे पब्लिक बँकिंग फारच थोडं आहे आणि बहुतेक हॉस्पिटलात ती सोयच नसते. अमेरिकेत असाल तर काही ठरावीक हॉस्पिटलात फुकट दान करता येतं, तिथल्या मराठी मैत्रिणींना मी आवर्जून सांगते कारण रजिस्ट्रीत, म्हणजे स्टेम सेल डोनरांच्या यादीत, आपल्या लोकांचं टिश्यू टाइप (एचएलए) कमी आहे. इथे राहून काही करायचं असेल तर दात्रीसारख्या रजिस्ट्रीत डोनर म्हणून नाव घाला, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस. बाळाच्या बाबाने तर हे जरूर करावं, त्याला तसंही लेबर रूमच्या बाहेर दुसरं काम नसतं.

साठवायचं ठरलंच तर कॉन्ट्रॅक्ट असं वाचा

पहिली गोष्ट लायसन्स. कॉर्ड ब्लड बँकेला ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याखाली लायसन्स लागतं, त्याची कॉपी मागा, व्हॅलिडिटीची तारीख बघा. एएबीबी किंवा फॅक्ट या बँका तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का तेही विचारा, आणि ते त्याच लॅबचं आहे का, नाहीतर दुसऱ्या देशातल्या सिस्टर कंपनीचं सर्टिफिकेट दाखवतात. मग लॅब कुठल्या शहरात आहे. तुम्ही लातूर नाहीतर सावंतवाडीत बाळंत होणार आणि लॅब चेन्नई किंवा गुरगावला, तर पिशवी तिथे पोचून प्रोसेस व्हायला किती तास लागतात हे लेखी घ्या, ४८ तासांच्या आत झालं पाहिजे. रविवारी, दिवाळीत, गणपतीत काय? हे विचारलं की सेल्सवाल्याचा आवाज जरा बदलतो.

दुसरं, पॅकेजमध्ये काय काय कोंबलंय. हल्ली नुसतं रक्त कुणी विकत नाही, नाळेचा तुकडा, वारेचा तुकडा, पुढे दुधाचे दात सुद्धा. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की नाळेतलं रक्त सोडून हे बाकीचं साठवायला परवानगीच नाही कारण उपयोगाचा पुरावा नाही. त्यामुळे प्लॅटिनम प्लॅन घेऊ का हा प्रश्न इथेच संपला.

तिसरं, कम्युनिटी बँकिंग. २०१७ पासून आपल्याकडे ही पद्धत आलीय, सगळ्या मेंबरांची युनिट एकत्र पूलमध्ये, ज्याला लागेल त्याला जुळणारं मिळतं. कल्पना खाजगीपेक्षा बरी आहे, कारण दुसऱ्याचं रक्त मिळण्याची सोय तरी आहे. पण त्याची दुसरी बाजू वाचा, तुमच्या बाळाचं युनिट पण दुसऱ्याला जाऊ शकतं. थॅलेसेमियाच्या भावंडासाठी साठवताय आणि चुकून कम्युनिटी प्लॅनवर सही केलीत तर? विचारा, लेखी घ्या.

पैसे. प्लॅन साधारण ५०-६० हजारांपासून लाखाच्या वर जातात. एकरकमी का वार्षिक, वार्षिक फी थकली तर किती दिवसांनी युनिट नष्ट करणार, आणि जीएसटी धरून सांगितलंय का. या सेवेची जीएसटीची सूट जुलै २०२२ मध्ये काढून घेतली, तरी काही कोटेशन अजून जुन्याच थाटात असतात. रक्त कमी आलं, खराब झालं, गोळाच झालं नाही तर किती पैसे परत, हे पण. कंपनी बंद पडली तर युनिट कुणाकडे जाणार याचं एक कलम असतं, बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

टाक्यांचं तापमान कोण बघतं हेही विचारायची गोष्ट आहे. हे रक्त लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीच्या आसपास ठेवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की तिथल्या कॉर्डलाइफ बँकेच्या २२ पैकी ७ टाक्या ठरलेल्या तापमानाच्या वर गेल्या होत्या आणि एका टाकीतली २२०० च्या आसपास युनिट खराब झाली. लोकांनी वर्षानुवर्षं फी भरलेली, सिंगापूरच्या आपल्या मराठी ग्रुपांत पण तेव्हा बरीच धावपळ झाली असणार. तर अलार्म कुणाला जातो, रात्री कोण येतं, टेम्परेचर लॉग ग्राहकाला दाखवता का, हे तीन प्रश्न बिनधास्त टाका.

बाळंतपणाच्या दिवशी

किट घरी आलं की उघडून बघा. आत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली पिशवी असते सुईसकट, आईच्या रक्ताच्या ट्यूब, स्टिकर, फॉर्म, जेल पॅक, आणि बहुतेक किटमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. हे किट फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, रक्त ना, थंड हवं असं समजून सासूबाई फ्रिजमध्ये ठेवतात. आणि गाडीच्या डिकीतही नाही, मे महिन्यात तर नाहीच. घरातल्या थंड कोपऱ्यात, हॉस्पिटलच्या बॅगेशेजारी ठेवा. पिशवीची एक्सपायरी बघून ठेवा, तारीख पुढेमागे झाली तर नवीन मागवायला वेळ हवा. माहेरी बाळंतपण असेल तर किट माहेरी न्यायचं लक्षात असू द्या, आणि तिथल्या डॉक्टरांशी बँकेने आधी बोलून घ्यायला हवं, त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा किट बघतेय असं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाळ लगेच कापू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ ठीक असेल तर निदान १ मिनिट थांबा, १ ते ३ मिनिटं. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळात उतरतं, त्याला पुढच्या काही महिन्यांचं लोह मिळतं. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या ६७ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया निघालाय, त्यामुळे हे रक्त बाळाचं आहे, आधी त्याला जाऊ द्या, उरेल ते पिशवीला. थांबलं की पिशवीत कमी येतं हे खरं आहे, म्हणूनच काही ठिकाणी घाई करतात. तुमच्या गायनॅकला आधीच्या व्हिजिटला सांगून ठेवा, पिशवीसाठी नाळ लवकर कापायची नाही, आणि केस पेपरवर तसं लिहून घ्या. भावंडासाठी साठवत असाल तर किती थांबायचं ते हिमॅटॉलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांनी मिळून ठरवावं, ते तेवढं एक वेगळं.

प्रत्यक्ष काम पाच-सात मिनिटांचं असतं. नाळ कापल्यावर वारेकडच्या टोकाला बीटाडिनने नीट पुसून शिरेत सुई घालतात, पिशवी खाली धरतात, रक्त आपोआप उतरतं. नाळ जाड निळसर असते ती हळूहळू पांढरी, चपटी पडते, तेव्हा समजायचं संपलं. पिशवी भरताना ती हलक्या हाताने सतत हलवत राहायची, नाहीतर औषध मिसळत नाही आणि गुठळ्या होतात, मग पेशी त्या गुठळीत अडकल्या की गेल्या. हे हलवायचं काम कुणी नीट करत नाही. सिझेरियनमध्येही गोळा होतं. आईला, बाळाला दुखत नाही. पण आईला रक्तस्राव सुरू झाला किंवा बाळ रडलं नाही तर कुणीही पिशवीकडे बघायचं नाही, हे नवऱ्याने मनाशी पक्कं करून जावं, बाहेरून रक्त घेतलं का रक्त घेतलं का विचारत बसू नये.

मग स्टिकर. आईचं नाव, तारीख, वेळ, पिशवीवर आणि ट्यूबवर, तिथल्या तिथे. नंतर बघू म्हटलं की तेच, शेजारच्या टेबलावरची पण पिशवी असते. जेल पॅक लावून किट बंद, बँकेच्या माणसाला फोन, तो कधी आला, कधी घेऊन गेला याचा फोटो काढून ठेवा.

रिपोर्ट आल्यावर

बहुतेक लोक रिपोर्ट उघडतात, सक्सेसफुल लिहिलेलं दिसलं की पेढे. थोडं खाली बघा. टीएनसी म्हणून एक आकडा असतो, एकूण केंद्रक असलेल्या पेशी, तो १० चा ७ वा घात असा लिहितात. घाबरू नका, १० चा ७ वा घात म्हणजे आपला १ कोटी. ट्रान्सप्लांटला पेशंटच्या दर किलोला निदान अडीच कोटी पेशी लागतात. तर रिपोर्टवर ५० कोटी असतील तर ते २० किलोच्या मुलाला पुरतं, म्हणजे साधारण पहिली दुसरीतलं पोर. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी पाहिजेत. पब्लिक बँका ९० कोटींच्या खालची युनिट सहसा ठेवतच नाहीत. खाजगी बँक मात्र २० कोटी असली तरी ठेवते आणि फी तेवढीच घेते. आणि ७५ वर्षं साठवू म्हणतात, पण पोरगं पंधरा वर्षांचं झालं की ते रक्त एकट्याने त्याला पुरणार नाही, हा हिशोब ब्रोशरमध्ये नसतो.

बाकी सीडी३४ चा आकडा बघा, ती खरी स्टेम सेलची मोजणी. व्हायबिलिटी म्हणजे जिवंत पेशी किती टक्के, ८५ च्या वर हव्यात. कल्चर निगेटिव्ह आहे का, म्हणजे जंतू नाहीत ना, नॉर्मल डिलिव्हरीत हे कधी कधी येतं, पॉझिटिव्ह असेल तर बँक काय करते ते विचारा. मिलीचा आकडा पिशवीतलं औषध धरून आहे का वगळून, हेही, कारण त्या औषधाचेच बरेच मिली असतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरियाच्या टेस्ट आईच्या रक्ताच्या असतात.

आणि कुणी म्हणालं की या रक्ताने मुलाला बरं करतो

रिजनरेटिव्ह मेडिसिन, म्हणजे शरीराचा खराब झालेला भाग पेशी देऊन परत घडवायचा, हा शब्द इथे येतो. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डायबिटीस, मणक्याची दुखापत, सगळ्यावर स्टेम सेल. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्या मनाची अवस्था मला कळते, म्हणून जे झालंय ते तसंच सांगते.

सगळ्यात गंभीरपणे काम झालं अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत, डॉ. जोअ‍ॅन कर्ट्झबर्ग यांच्या टीमकडे. सेरेब्रल पाल्सीच्या ६३ मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेतलं रक्त दिलं, २०१७ मध्ये निकाल आला. सगळी मुलं एकत्र धरली तर पेशी नसलेल्या, नुसत्या तुलनेसाठी दिलेल्या सलाइनपेक्षा फरक नाही, पण ज्यांना किलोमागे २ कोटींच्या वर पेशी मिळाल्या त्यांच्या हालचालीत वर्षभरात अपेक्षेपेक्षा जास्त सुधारणा. म्हणजे आशा आहे, पण अभ्यासाच्या पातळीवर. मग ऑटिझमवर १८० मुलांचा मोठा अभ्यास, २०२० मध्ये निकाल, मुख्य मोजमापात फायदा दिसला नाही. टाइप १ डायबिटीसमध्ये फ्लोरिडात मुलांना स्वतःचंच रक्त दिलं, इन्सुलिन टिकलं नाही. हे सगळे अभ्यास नीट झालेले, प्रामाणिकपणे छापलेले, आणि तरी तुमच्या शहरातल्या क्लिनिकच्या भिंतीवर ऑटिझम ९० टक्के सुधारणा असा बोर्ड असतो.

जिथे खरंच पक्का उपयोग झालाय ते आजार वेगळे, हर्लर, क्राबे असे दुर्मिळ, ज्यात शरीरात एखादं एन्झाइमच बनत नाही आणि मेंदू खराब होत जातो. तिथे दुसऱ्या बाळाचं नाळेतलं रक्त दिलं की त्या पेशी ते एन्झाइम बनवत राहतात, लक्षणं दिसायच्या आधी केलं तर जास्त चांगलं. न्यूयॉर्कमध्ये एका बाईला ब्लड कॅन्सरसाठी नाळेतलं रक्त आणि नातेवाइकाच्या पेशी एकत्र दिल्या, ते नाळेतलं रक्त एचआयव्हीला दाद न देणाऱ्या जीनचं निवडलेलं होतं, आणि तिचा एचआयव्हीही आटोक्यात गेला, २०२२ मध्ये ते जाहीर झालं. दोन्हीकडे रक्त बँकेतलं, परक्याचं.

तर क्लिनिकवाल्याला काय विचारायचं. आपल्याकडे २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन हे नवीन औषध धरलंय, मंजुरी नसेल तर फक्त ट्रायलमध्येच देता येतं. म्हणून ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर, मागा, तो त्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघा, त्यात याच हॉस्पिटलचं नाव, याच आजाराचं नाव आहे का. ट्रायलमध्ये पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे कुणी पाच सेशनचं पॅकेज सांगितलं की तिथेच उठायचं. पेशी कुणाच्या, किती, कुठून टोचणार, लंबार पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई, असेल तर भूल कोण देणार. ऑटिझमसाठी तर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की स्टेम सेल उपचार करू नयेत, तरी कुणी करतो म्हणाला तर पुढे बोलायचं कारणच नाही. आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी बंद करून पैसे इकडे वळवू नका, मुलांचे ते महिने परत येत नाहीत.

ज्यांनी आधीच साठवलंय

डोक्याला ताप करून घेऊ नका, झालं ते झालं. बँकेकडून मूळ रिपोर्ट आणि एचएलए टायपिंग झालं असेल तर त्याची कॉपी मागून मुलाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये लावा, ईमेलमध्ये राहिलं की दहा वर्षांनी सापडत नाही. फोन नंबर, पत्ता, नोकरीचा मेल आयडी बदलला असेल तर लेखी कळवा, कारण वार्षिक फीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि कलमाप्रमाणे तेवढी नोटीस पुरेशी धरतात. वार्षिक प्लॅन असेल आणि टीएनसी अगदीच कमी असेल तर पुढची फी भरण्याआधी तो रिपोर्ट एखाद्या हिमॅटॉलॉजिस्टला दाखवा, ओपीडीच्या फीत काम होतं. बंद करायचं ठरलं तर संशोधनाला द्यायचा पर्याय आहे का ते विचारा आणि बंद केल्याचं पत्र घ्या, नाहीतर ऑटो डेबिट चालूच राहतं, बँकेत जाऊन ते मॅन्डेट पण रद्द करून या.